रास्पबेरी पायवर स्वतःचा लिनक्स कर्नल कसा बसवायचा?

रास्पबेरी पाय हा तळहातावर मावणारा कॉम्प्युटर. २०१२ मध्ये ब्रिटनमधून तो बाजारात आला. बहुतेकांच्या पायमध्ये सगळी सिस्टिम एका मायक्रो एसडी कार्डावर असते आणि त्या सिस्टिमचा गाभा म्हणजे लिनक्स कर्नल. हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांच्यातला हा मध्यस्थ. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेलं हे काम खुलं आहे, म्हणून त्यात फेरफार करता येतात.

बहुतेकांना याची गरज पडत नाही, हे आधीच सांगायला हवं. एखाद्या स्क्रीनचा किंवा सेन्सरचा ड्रायव्हर तयार कर्नलमध्ये नसेल, तरच या वाटेला जावं.

सोर्स कोड गिटहबवर रास्पबेरी पायच्या खात्यात 'लिनक्स' नावाने आहे. पूर्ण इतिहास उतरवत बसू नका, 'डेप्थ १' दिलं की डाउनलोड बराच कमी होतो. सोबत बायसन, फ्लेक्स, बीसी, मेक आणि ओपनएसएसएलची डेव्हलपमेंट लायब्ररी लागते. पाय ४ वर ६४ बिट सिस्टिम असेल तर 'बीसीएम२७११' हे तयार कॉन्फिगरेशन घ्यायचं, पाय ५ साठी 'बीसीएम२७१२'. मग 'मेनूकॉन्फिग'मध्ये हवा तो ड्रायव्हर निवडा. तिथेच 'लोकल व्हर्जन'मध्ये स्वतःचं नाव जोडा, पुढे ओळखायला सोपं जातं.

बिल्ड पायवरच केला तर तासन् तास जातात, आणि मध्येच लाइट गेली तर बघायलाच नको. घरच्या लिनक्स पीसीवर क्रॉस कंपायलर टाकून काम लवकर उरकतं.

खरी गडबड होते ती बसवताना. बरेच जण फक्त कर्नलची फाइल कॉपी करतात आणि मॉड्यूल विसरतात. वायफायचा ड्रायव्हर मॉड्यूल असतो. नव्या कर्नलला जुळणारे मॉड्यूल मिळाले नाहीत, तर पाय चालू होतो पण वायफाय गायब! स्क्रीन न लावता वायफायवरूनच काम करत असाल तर आत शिरायची वाटच बंद. म्हणून आधी 'मॉड्यूल्स इन्स्टॉल', मग डिव्हाइस ट्रीच्या फाइली आणि ओव्हरले, शेवटी कर्नल.

जुनी 'कर्नल८' फाइल मात्र पुसू नका. हिशेबाची जुनी वही फाडून कोणी नवी उघडत नाही. नवा कर्नल वेगळ्या नावाने बूट विभागात ठेवा आणि 'कॉन्फिग.टीएक्सटी'मध्ये 'कर्नल=' पुढे ते नाव लिहा. आणखी एक फायदा म्हणजे पुढच्या अपडेटमध्ये तुमची फाइल पुसली जात नाही.

पाय चालूच झाला नाही तर कार्ड काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. बूट विभाग फॅट प्रकारचा असल्याने विंडोजवरही उघडतो. ती एक ओळ काढली की जुना कर्नल परत येतो. सगळं नीट झालं असेल तर 'यूनेम' कमांडला 'आर' हा पर्याय जोडल्यावर तुम्ही दिलेलं नाव दिसेल.