वावर जाते का राह्यते?

बार्शीटाकळीच्या कालिका देवीच्या हेमाडपंती देवळात शके १०९८ चा शिलालेख आहे. त्याच्यापुढे उभं राहून कुणी घाबरलेलं मी पाहिलेलं नाही. अक्षर लागत नाही, अर्थ लागत नाही; माणूस हात जोडतो आणि पुढं होतो. त्या दगडाला हरकत घ्यायची मुदत नसते. कागदाला असते.

गेल्या पेरणीच्या आधी गावातले एक सत्तरीचे शेतकरी असाच एक कागद घेऊन माझ्या ओट्यावर आले. घडी उघडून उघडून कागद कापडासारखा मऊ झाला होता. फेरफाराची नोटीस होती, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १५०(२) खालची. थोरला भाऊ वारला, पुतण्यांची वारस नोंद धरली गेली. गट सामाईक, म्हणून यांनाही नोटीस. नातवानं ती त्यांना दोनदा वाचून दाखवली होती. त्यातला ‘प्रमाणित’ सोडला तर एकही शब्द त्यांना नवा नव्हता. फेरफार, गट, खातेदार, वारस, हरकत हे शब्द त्यांच्या तोंडात माझ्यापेक्षा जास्त वर्षं बसलेले. तरी त्यांनी विचारलं ते एवढंच : "भाऊ, वावर जाते का राह्यते?"

सरकारी मराठीबद्दल आपल्याकडे जे मत रूढ आहे त्याची या प्रश्नापुढे पंचाईत होते. मत असं, की सरकारी कागद कळत नाही कारण त्यातले शब्द जड असतात, संस्कृतात बुडवून काढलेले असतात; शब्द सोपे करा, कागद सोपा होईल. या मताला मोठं घराणं आहे. १९६२ मध्ये भाषा संचालनालयाचा ‘पदनाम कोश’ आला तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हणून धुतलं. सगळा महाराष्ट्र हसला, आणि रोगाचं मूळ शब्दांत आहे हे तेव्हापासून ठरूनच गेलं.

हे निदान चुकीचं आहे. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथ पंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी दाखला, नक्कल, हरकत, वसूल, तहसील हे शब्द गेले नाहीत. वऱ्हाडात तर मोगल आणि निजाम यांच्या अमलात ते मातीत मुरले. मूळचे परके, पण आज कुणालाही जड वाटत नाहीत, कारण शब्द कामानं सोपा होतो. गाव नमुना सहा-अ म्हणजे काय, हे पुण्याचा पदवीधर सांगू शकणार नाही. ज्याच्या बांधाचं भांडण तीन वर्षं चाललं आहे तो झोपेतून उठवला तरी सांगेल. अलीकडे तलाठ्याचं पदनाम ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं. लोक अजून तलाठीच म्हणतात आणि कुणाचंही काम त्या नावावाचून अडत नाही.

अडतं ते वाक्यात. शासन निर्णय उघडून पाहा. आधी विषय, मग ‘वाचा’ म्हणून मागच्या सात-आठ निर्णयांची यादी, मग प्रस्तावना, आणि मग एखादं वाक्य असं, की त्यात कर्ताच नाही : ‘कार्यवाही करण्यात यावी’. कुणी? ‘विहित मुदतीत’. किती? ‘सक्षम प्राधिकाऱ्याकडे’. म्हणजे कुठल्या खोलीत? शेवटी राज्यपालांच्या आदेशानुसार व नावाने सही. ते बरोबरच आहे, राज्यघटनेचा अनुच्छेद १६६ तसं सांगतो. पण ज्याच्यासाठी कागद निघाला त्यानं सकाळी उठून काय करायचं, हे कुठंच नसतं. ‘करण्यात यावी’च्या जागी ‘करावी’ लिहिलं तरी ते येत नाही.

दुसरा पूर्वपक्ष अधिक वजनदार आहे आणि तो कचेरीत वय घालवलेल्या जाणत्या माणसांचा आहे. ते म्हणतात, कायद्याची भाषा सोपी केली की अर्थ सांडतो. नेमकेपणा हवा तर बोजडपणा सोसा. त्यांच्या हाताशी एक पक्कं उदाहरणही आहे. २७ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयानं महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना आली. चौकाचौकात एकच वाक्य पोचलं : दोन लाखांपर्यंत कर्जमाफी. ऐकणाऱ्यानं हिशेब केला, माझे अडीच लाख आहेत, दोन सुटतील, पन्नास हजार मी भरीन. निर्णयातली अट वेगळी होती. ३० सप्टेंबर २०१९ रोजी मुद्दल आणि व्याज मिळून थकबाकी दोन लाखांच्या आत हवी. दोन लाखांवर पाचशे रुपये असले तरी ते खातं या योजनेतून बाहेर. वाक्य सोपं होतं आणि त्यानंच माणूस फसला, असं हे जाणकार म्हणतील.

मी म्हणेन, ते वाक्य सोपं नव्हतंच, आखूड होतं. सोपं वाक्य असं झालं असतं : ‘तुमच्याकडं १,९९,००० थकले असतील तर सगळे माफ, २,००,५०० थकले असतील तर या योजनेत एक रुपयाही नाही.’ मूळ अटीपेक्षा यात नेमकेपणा तसूभरही कमी नाही. लोकांना आवडलं नसतं, ती गोष्ट वेगळी. आणि मला वाटतं, बोजडपणाच्या कैवारामागं पुष्कळदा हीच गोष्ट असते.

उलट, सोपं करायला बसलं की मूळ कागदातला ढिलेपणा उघडा पडतो. पंतप्रधान पीक विमा योजना केंद्राची. गारपीट झाली, ढगफुटी झाली, वावरात पाणी साचून सोयाबीन सडलं, तर नुकसानीची खबर ठरलेल्या तासांत द्यावी लागे. २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ते तास ४८ होते, २०१८ मध्ये ७२ झाले. आकडा अगदी स्वच्छ. पण ओट्यावर बसून सांगायला लागा. शुक्रवारी रात्री पाऊस झाला, नाल्याचं पाणी शनिवारी वावरात शिरलं, रविवारभर आत पाय टाकता आला नाही, नुकसान दिसलं सोमवारी. घड्याळ कधी सुरू झालं? ‘घटना घडल्यापासून’ या शब्दात कुठली घटना? ७२ तास हा आकडा नेमका दिसतो, पण तो कशाला टांगला आहे तो खिळा हलतो. हे बोजड भाषेत झाकून राहतं आणि साध्या भाषेत पहिल्याच प्रश्नाला बाहेर येतं.

मग करायचं काय? मूळ मजकुराला हात लावावा असं माझं म्हणणं नाही. न्यायालयात तोच उभा राहणार आहे. तो तसाच ठेवून समजावून सांगायची रीत आपल्या वऱ्हाडातच सातशे वर्षांपूर्वी घालून दिलेली आहे, फक्त आपण तिला देवघरात ठेवली. महानुभावांच्या केशिराजांना संस्कृतात लिहायची ओढ होती; नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं, कारण चक्रधर स्वामींचा साधासुधा परिवार त्यानं वंचित झाला असता. ही कथा ‘स्मृतिस्थळा’त आहे. याच केशिराजांनी ‘दृष्टांतपाठ’ सिद्ध केला. त्याची मांडणी तीन पदरी : आधी सूत्र, म्हणजे चक्रधरांचं वचन जसंच्या तसं, मग दृष्टांत, एक छोटी गोष्ट, मग दार्ष्टांतिक, म्हणजे ती गोष्ट सूत्राला कशी लागू पडते ते. सूत्राची मात्राही हलत नाही आणि ऐकणारा रिकाम्या हातानं उठत नाही. शासन निर्णयाखाली अर्धं पान असं का नसावं? कलम तेच. खाली १,९९,००० वाला आणि २,००,५०० वाला असे दोन शेतकरी. आणि त्याखाली : तुम्ही यांतले कोण, आणि कुठल्या तारखेपर्यंत कुठं जायचं.

हे उपकाराखातर करायचं असंही नाही. १९५१ मध्ये हरला खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जयपूर संस्थानचा एक अफू कायदा निकामी ठरवला, कारण तो लोकांत कधी प्रसिद्धच केला नव्हता. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती विवियन बोस आपल्या नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले. पुढं १९६२ मध्ये हरिकिसन खटला आला, तोही नागपूरचा. स्थानबद्धतेची कारणं इंग्रजीत हातात ठेवली. माणसाला इंग्रजी येत नव्हतं, त्यानं हिंदीत मागितली, मिळाली नाहीत. पोलीस अधिकाऱ्यानं तोंडी समजावलं, असं सरकार म्हणालं. न्यायालयानं ते पुरेसं मानलं नाही आणि त्याला सोडलं. कागद पोचवणं आणि त्यातलं कळवणं या दोन गोष्टी आहेत, हे तेव्हाच ठरलं. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(४) तर स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरेल ती रीत, दोन्ही विचारात घ्यायला सांगतं. जाहीर घोषणाही त्यात बसते. म्हणजे आपली दवंडी बसते.

ओट्यावरच्या पाहुण्यांना मी सांगितलं ते असं : "काकाजी, वावर राह्यते. तुमचा हिस्सा हाय तसाच हाय. भावाचं नाव जाऊन पोट्ट्यांचं नाव लागून राह्यलं. थे तुमाले कबूल असन त काईच कराचं नाई. नसन त पंधरा दिवसांत तलाठ्याकडं लेखी द्याचं."

त्यांनी बोटांच्या पेरांवर दिवस मोजले. मग मान वर केली. "पंधरावा दिवस इतवारी येते. मंग?"

नोटिशीत याचं उत्तर नव्हतं. उत्तर आहे, ते १९०४ च्या महाराष्ट्र सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात : मुदतीच्या शेवटच्या दिवशी कचेरी बंद असेल तर ती उघडेल त्या पुढच्या दिवशी केलेलं काम मुदतीतच धरतात. मला ते पुस्तक काढून पाहावं लागलं. "सोमवारी चालते," मी म्हटलं, "पन तुमी शुक्रवारीच जा."

त्यांनी नोटीस उलटी केली, पाठची कोरी बाजू माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "हे आता बोलले ना, थेच लिवून द्या."