चाकणची मोटार, कोरियाचा खेळ : ‘बीजीएमआय’च्या जमेच्या बाजू आणि उणिवा

महिंद्रा अँड महिंद्राच्या चाकण येथील कारखान्यात तयार होणारी ‘बीई ६’ ही विद्युत मोटार ग्राहकांच्या हाती पडली ती २०२५ च्या मार्च महिन्यात. मात्र त्याआधीच, जानेवारीत, ती लक्षावधी तरुणांच्या बोटांखाली धावू लागली होती. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ अर्थात ‘बीजीएमआय’ या मोबाइलवरील खेळात महिंद्रा आणि क्राफ्टन या दोन कंपन्यांच्या करारानुसार या मोटारीचे रूप दाखल झाले होते. औद्योगिक पट्ट्यात घडलेली वस्तू आणि त्याच पट्ट्यातील तरुणांच्या विरंगुळ्याचे साधन यांची अशी गाठ क्वचितच पडते.

पिंपरी, भोसरी, तळवडे, चाकण, महाळुंगे या भागांत तीन पाळ्यांत काम चालते. गावाकडून आलेले प्रशिक्षणार्थी आणि कंत्राटी कामगार कॉट बेसिसवर खोल्या घेऊन राहतात. दोघेही पालक कामावर असलेल्या घरांत शाळकरी मुलांची दुपार मोबाइलच्या सोबतीने जाते. अशा शहरात हा खेळ चांगला की वाईट, असा प्रश्न घरोघरी विचारला जातो. त्याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. या खेळाची जी बलस्थाने आहेत, बहुतांशी त्यांतूनच त्याचे धोकेही निर्माण होतात. म्हणूनच त्याची रचना समजून घेणे आवश्यक ठरते.

‘पबजी’ ते ‘बीजीएमआय’

या खेळाचे मूळ ‘प्लेअरअननोन्स बॅटलग्राउंड्स’ म्हणजे ‘पबजी’ या संगणकीय खेळात आहे. आयर्लंडचे ब्रेंडन ग्रीन यांच्या कल्पनेवर दक्षिण कोरियात हा खेळ विकसित झाला आणि २०१७ मध्ये बाजारात आला. एका निर्जन प्रदेशात अनेकांना सोडायचे आणि अखेरपर्यंत टिकेल तो विजयी, ही कल्पना ‘बॅटल रोयाल’ या २००० सालच्या जपानी चित्रपटावरून सुचली होती. चीनच्या टेन्सेंट कंपनीच्या साहाय्याने २०१८ मध्ये ‘पबजी मोबाइल’ आला आणि महागडा संगणक नसलेल्या भारतीय तरुणांपर्यंत हा खेळ पोहोचला.

गलवान खोऱ्यातील संघर्षानंतर केंद्र सरकारने चिनी कंपन्यांशी संबंधित अॅपवर निर्बंध घातले. २ सप्टेंबर २०२० रोजी बंदी घातलेल्या ११८ अॅपमध्ये ‘पबजी मोबाइल’चा समावेश होता. त्यानंतर मूळ कोरियन कंपनी क्राफ्टनने भारताचे प्रकाशनहक्क स्वतःकडे घेतले आणि २ जुलै २०२१ रोजी ‘बीजीएमआय’ हा खास भारतासाठीचा अवतार अँड्रॉइडवर आणला. २८ जुलै २०२२ रोजी सरकारच्या आदेशावरून तोही गुगल आणि अॅपलच्या दालनांतून हटवला गेला. सुमारे दहा महिन्यांनी, मे २०२३ मध्ये, तो अटींसह परतला. नाव बदलले तरी बहुतेकांच्या तोंडी ‘पबजी’ हेच नाव राहिले.

खेळ चालतो कसा?

‘एरांगेल’ या मुख्य नकाशावर साधारणतः १०० खेळाडू विमानातून पॅराशूटने उतरतात. उतरताना कोणाकडेही शस्त्र नसते. ओसाड घरांतून बंदुका, चिलखत, औषधे गोळा करावी लागतात. एरांगेलचे क्षेत्र ८ किलोमीटर बाय ८ किलोमीटर असल्याने मोटारी आणि दुचाकींना महत्त्व येते. ठरावीक अंतराने सुरक्षित वर्तुळ लहान होत जाते. वर्तुळाबाहेर राहणाऱ्याची शक्ती घटते, त्यामुळे सर्वांना एकमेकांसमोर यावेच लागते. एकट्याने, जोडीने किंवा चौघांच्या चमूने खेळता येते. शेवटपर्यंत टिकल्यास एक डाव सुमारे अर्धा तास चालतो.

जमेच्या बाजू

पहिली जमेची बाजू म्हणजे हा खेळ मोफत आहे आणि साध्या फोनवरही चालतो. पैसे मोजून मिळतात ते प्रामुख्याने पोशाख, बंदुकांचे रंग आणि वाहनांची रूपे. ‘बीई ६’चे रूप घेतलेल्या खेळाडूची मोटार देखणी दिसते, पण त्यामुळे त्याचा नेम सुधारत नाही. नेमबाजी, नकाशाचे ज्ञान आणि वेळेचे भान ही कौशल्ये सरावानेच येतात. पैसे भरणाऱ्यालाच विजय मिळावा अशी रचना असलेल्या अनेक मोबाइल खेळांच्या तुलनेत ही बाजू निश्चितच उजवी आहे.

दुसरी बाजू संघभावनेची. चौघांच्या चमूत एकाने टेहळणी करायची, दुसऱ्याने मोटार हाकायची, जखमी झालेल्याला तिसऱ्याने उठवायचे, अशी कामाची वाटणी आपोआप होते. बोलण्याची सोय खेळातच आहे. त्यामुळे चाकणमधील खोलीत बसलेला तरुण लातूर किंवा जळगावच्या गावमित्रांसोबत रोज रात्री अर्धा तास ‘एकत्र’ राहू शकतो. अनोळखी शहरात एकट्याने राहणाऱ्याच्या दृष्टीने हे मोल कमी नाही.

तिसरी बाजू स्पर्धांची. २०२२ मध्ये ‘बीजीएमआय’ची स्पर्धा स्टार स्पोर्ट्स २ या वाहिनीवर दाखवली गेली. २०२३ आणि २०२४ च्या ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया सीरिज’साठी प्रत्येकी २ कोटी रुपयांची बक्षिसे होती. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत स्थान दिले. समालोचन, चित्रीकरण, स्पर्धा-आयोजन अशी पूरक कामेही यातून उभी राहिली.

प्रसिद्ध नाममुद्रेचा वारसा ही चौथी बाजू. जुन्या ‘पबजी’चा नकाशा, बंदुका, इतकेच काय, विजयानंतर झळकणारे ‘चिकन डिनर’ही नव्या खेळात कायम राहिल्याने खेळाडूला पुन्हा श्रीगणेशा करावा लागला नाही.

उणिवा

पहिली उणीव वेळेची. हा खेळ मध्येच थांबवता येत नाही. समोर खरीखुरी माणसे खेळत असल्याने ‘पॉज’ची सोयच नाही. डाव अर्धवट सोडला तर सोबती अडचणीत येतात आणि स्वतःची क्रमवारीही घसरू शकते. जेवायला हाक मारल्यावर मूल ‘पाचच मिनिटे’ म्हणते, तेव्हा तो नेहमीच हट्ट असतो असे नाही. वर्तुळ लहान होत असते आणि तिघे त्याच्यावर विसंबून असतात. संघभावना हे बळ खरेच, पण खेळ सोडू न देणारा दोरही तोच. एक डाव लवकर संपला की लगेच दुसरा सुरू करण्याची ओढ वाटते, आणि रात्रपाळीहून परतलेल्या कामगाराची झोप त्यातच खर्ची पडते.

दुसरी उणीव पैशांची. खेळ मोफत असला तरी त्यात ‘यूसी’ नावाचे आभासी चलन खऱ्या रुपयांत विकत घ्यावे लागते. अनेक आकर्षक वस्तू थेट विकल्या जात नाहीत; त्या ‘क्रेट’मधून, म्हणजे बंद पेटीतून, नशिबाने मिळतात. पेटी उघडण्याचे पैसे निश्चित असतात, आत काय निघेल ते निश्चित नसते. अशा पेट्यांना बेल्जियमने २०१८ मध्ये जुगाराच्या व्याख्येत बसवले. ‘स्वस्तात यूसी’ देण्याच्या नावाखाली खात्याचा पासवर्ड किंवा ओटीपी मागणारे ठकसेनही या ओढीचाच फायदा घेतात.

तिसरी उणीव समान संधीची. कौशल्य विकत मिळत नाही हे खरे, पण फोन विकत घ्यावा लागतो. सेकंदाला ९० किंवा १२० चित्रचौकटी दाखवण्याची सोय निवडक महाग फोनवरच मिळते. स्वस्त फोन तापतो, अडखळतो. एकाच हॉटस्पॉटवर चौघे जोडलेले असतील तर संदेश पोहोचण्यास होणारा विलंब वाढतो आणि गोळी झाडण्यापूर्वीच खेळाडू बाद होतो. खालच्या श्रेणींत संगणकचलित प्रतिस्पर्धी मिसळलेले असतात, त्यामुळे नवख्याला मिळालेले यश काही अंशी फसवे असते. भिंतीपलीकडचे दिसावे किंवा नेम आपोआप लागावा यासाठी बेकायदा सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचा उपद्रवही सततचा आहे. अशी खाती कंपनी बंद करते, तरी हा उपद्रव संपलेला नाही.

चौथी उणीव आशय आणि भाषेची. भारतीय आवृत्तीत रक्ताचा लाल रंग टाळला आहे, हे जग आभासी असल्याची सूचनाही सुरुवातीला दिली जाते. तरीही खेळाचा गाभा गोळीबाराचाच राहतो. अनोळखी चमूत खेळताना कानी पडणारी शिवीगाळ अनेक पालकांना अधिक खटकते. मुंबई उच्च न्यायालयात २०१९ मध्ये ‘पबजी’वर बंदीची मागणी करणारी जनहित याचिका एका ११ वर्षांच्या मुलाच्या वतीने दाखल झाली होती, ही बाब बोलकी आहे.

पाचवी उणीव मालकीची, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. खेळाडूने वर्षानुवर्षे जमवलेली क्रमवारी, पोशाख, वाहने यांपैकी काहीही त्याच्या मालकीचे नसते. असतो तो केवळ वापराचा परवाना. २०२० आणि २०२२ च्या घटनांनी हे दाखवून दिले. दुसऱ्या वेळी तर स्पर्धांचे वेळापत्रक कोलमडले आणि याच खेळावर पोट असलेल्या व्यावसायिक खेळाडूंसमोर दहा महिन्यांची अनिश्चितता उभी राहिली. एकाच खेळावर कारकीर्द उभारू पाहणाऱ्याने ही गोष्ट विसरता कामा नये.

नियमांची चौकट

‘बीजीएमआय’ परतला तेव्हा १८ वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला ३ तास आणि इतरांना ६ तास अशी मर्यादा घालण्यात आली. अल्पवयीनांसाठी पालकांची संमती आणि खर्चावर मर्यादा या तरतुदीही आहेत. परंतु वय खेळाडूनेच सांगायचे असल्याने आई-वडिलांच्या क्रमांकावरून मोठ्या वयाचे खाते उघडणे मुलांना अवघड जात नाही. नियम कागदावर भक्कम असला तरी त्याची किल्ली घरातच असते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळांना वेगळे स्थान दिले. ‘बीजीएमआय’मध्ये डावावर पैसे लावले जात नाहीत, त्यामुळे त्याची गणना रमी किंवा पैशांच्या फॅन्टसी क्रिकेटमध्ये करणे योग्य नव्हे. म्हणून त्यावर खर्च होत नाही, असा अर्थ मात्र काढू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर कामांपेक्षा खेळालाच प्राधान्य देणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे ही त्याची लक्षणे सामान्यतः १२ महिने टिकल्यास निदान केले जाते. रोज एक-दोन डाव खेळणारे प्रत्येक मूल आजारी नसते. तथापि शाळा, कामावरील हजेरी किंवा झोप सातत्याने बिघडू लागली तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेण्यात संकोच करू नये.

घरात काय करता येईल?

मिनिटांऐवजी डावांची मर्यादा ठरवणे अधिक व्यवहार्य ठरते. ‘अर्धा तास’ म्हटले की भांडण अटळ; ‘दोन डाव, त्यानंतर फोन बंद’ हे पाळता येते. जेवणाच्या किंवा कामावर निघण्याच्या वेळेआधी अर्धा तास नवा डाव सुरू करू नये. खाते मुलाच्या खऱ्या वयाने उघडावे. पैसे भरण्याचे अॅप आणि खेळ एकाच फोनवर असतील तर यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये. बोलण्याची सोय केवळ ओळखीच्या चमूपुरती ठेवता येते, ती तशी ठेवावी. अधूनमधून शेजारी बसून एखादा डाव पाहिल्यास मूल कोणाशी, कसे बोलते याचा अंदाज येतो.

पुण्याचा पर्याय

अशा खेळांची निर्मिती आता जवळही होऊ लागली आहे. पुण्याच्या सुपरगेमिंग कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ हा भारतीय कल्पनेवर आधारित बॅटल रोयाल खेळ आणला. ‘रिअल क्रिकेट’ची निर्माती नॉटिलस मोबाइल ही पुण्याचीच. तिच्यातील नियंत्रक हिस्सा २०२५ मध्ये क्राफ्टननेच घेतला. नव्या खेळांपुढील खरी अडचण तंत्राची नसून संगतीची आहे. मित्र ज्या खेळात असतात तेथेच खेळाडू जातो आणि प्रस्थापित नाममुद्रेचे सर्वांत मोठे भांडवल हेच असते.

चाकणच्या कारखान्यात तयार झालेली मोटार विकत घेणारा तिचा मालक होतो. खेळातील तीच मोटार परवानगी असेतोवरच आपली असते. मित्रांच्या सोबतीने घालवलेला अर्धा तास एवढीच या खेळातून खात्रीने पदरात पडणारी गोष्ट आहे. तेवढ्यासाठी खेळणाऱ्याला ‘बीजीएमआय’ आनंद देतो. त्याहून अधिक काही मागणाऱ्याने आपण किती वेळ आणि किती पैसे मोजत आहोत, याचा हिशेब वेळोवेळी तपासलेला बरा.