खंदकाचं फूल

कँडीटफ्ट हे नाव ऐकलं की कुणालाही गोळ्या-चॉकलेटं आठवतात. पांढऱ्या, गुलाबी, जांभळट रंगांचे ते गच्च झुबके पाहिले की तो समज आणखीच पक्का होतो. पण या कँडीचा साखरेशी काडीइतकाही संबंध नाही. गोळीवाली कँडी आपल्याच 'खंड' या संस्कृत शब्दावरून, म्हणजे खांडसाखरेवरून, फारसी-अरबीच्या मार्गाने युरोपात पोचली. फुलातली कँडी मात्र कँडिया नावाच्या एका शहरावरून आली. आणि कँडिया म्हणजे काय? तर खंदक! आपल्या भुईकोट किल्ल्यांभोवती असतो ना, तोच.

गेले काही दिवस मी या एका शब्दाच्या मागे लागले आहे. घरच्यांना त्याचा कंटाळा आलाय, म्हणून आता तुम्हाला सांगते.

गोष्ट सुरू होते स्पेनमधल्या कॉर्डोबा शहरात. इ.स. ८१८ मध्ये तिथल्या लोकांनी आपल्या अमीराविरुद्ध बंड केलं. ते मोडलं गेलं आणि हजारो लोकांना देशोधडीला लावलं गेलं. त्यातले काही फिरत फिरत इजिप्तच्या अलेक्झांड्रियाला गेले. तिथूनही त्यांना बाहेर पडावं लागलं, तेव्हा ८२० च्या दशकात ते भूमध्य समुद्रातल्या क्रीट बेटावर उतरले आणि बेट काबीज करून बसले. तिथे त्यांनी नवं शहर वसवलं आणि त्याच्याभोवती खोल खंदक खणला. शहराचं नावच पडलं 'रब्द अल-खंदक', खंदकाचा किल्ला. पुढे ग्रीकांनी बेट परत घेतलं, त्यांच्या तोंडी ते 'खांदाक्स' झालं. तेराव्या शतकात व्हेनिसचे व्यापारी-राज्यकर्ते आले, त्यांनी त्याचं 'कँडिया' केलं आणि नुसत्या शहरालाच नाही तर अख्ख्या बेटालाच ते नाव दिलं. इंग्रजांनी त्याचं आणखी आखूड केलं, 'कँडी'.

खंदक हा शब्द अरबांनी घेतला तो इराणी भाषेतून. फारसीत 'कंदन' म्हणजे खणणे. हा धातू आणि आपल्याकडचा संस्कृत 'खन्' हे सख्खे भाऊ. म्हणजे खणणे, खाण, खनिज आणि कँडीटफ्ट ही सगळी एकाच गोतावळ्यातली मंडळी निघाली. 'टफ्ट' म्हणजे झुबका. तेव्हा कँडीटफ्टचं अगदी शब्दशः मराठी करायचं तर 'खंदकझुबका' असं काहीतरी भयंकर होईल :)

लंडनमध्ये जॉन जेरार्ड नावाचा एक शल्यवैद्य होता, बागकामाचा मोठा नादी. १५९७ साली त्याने वनस्पतींवरचा जाडजूड ग्रंथ छापला. त्यात हे फूल 'कँडीची मोहरी' म्हणून येतं. मोहरी म्हणणं चूक नाही, कारण झाड खरोखरच मोहरी, मुळा, कोबी यांच्या कुळातलं आहे. चार पाकळ्या ही त्या कुळाची खूण. मात्र मोहरीच्या चारही पाकळ्या सारख्या असतात आणि याच्या बाहेरच्या दोन मोठ्या, आतल्या दोन लहान. त्यामुळे कडेच्या फुलांच्या मोठ्या पाकळ्या बाहेर पसरतात आणि सगळा झुबका म्हणजे एकच मोठं फूल असल्यासारखं दिसतं. पुढे १७५३ साली लिनियसने याला शास्त्रीय नाव दिलं, 'आयबेरिस अंबेलाटा'. आयबेरिस म्हणजे आयबेरियाचं, स्पेनकडचं. शास्त्रीय नावात स्पेन, बोलीतल्या नावात क्रीट. स्पेनमधून हाकललेल्या लोकांनी क्रीटमध्ये खणलेल्या खंदकाची गोष्ट अशी दोन्ही नावांत मिळून पुरी होते. नाव देणाऱ्यांच्या हे गावीही नसेल, निव्वळ योगायोग. पण मला त्याची फार गंमत वाटते.

याच्या एका भावाचं नाव 'आयबेरिस अमारा'. अमारा म्हणजे कडू. तो पांढरा असतो आणि इंग्लंडच्या चुनखडीच्या टेकड्यांवर आपसूक उगवतो. कडूपणा येतो तो कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे. कडू निघालेली काकडी किंवा दुधी आपण टाकून देतो, त्याला कारण हीच द्रव्यं. कोबीवर ताव मारणारे बरेच किडे त्यामुळे या झाडाला तोंड लावत नाहीत. नाव कँडी आणि गुण कडू!

सतराव्या शतकात हे फूल इंग्लंडच्या बागांमध्ये कँडीटफ्ट म्हणून रुळत होतं, तेव्हा खुद्द कँडियात काय चाललं होतं? तुर्कांनी शहराला वेढा घातला होता. १६४८ साली सुरू झालेला हा वेढा १६६९ च्या सप्टेंबरपर्यंत, म्हणजे एकवीस वर्षं चालला. जगातल्या सर्वांत लांबलेल्या वेढ्यांमध्ये त्याची गणना होते. आपल्याकडच्या तारखा शेजारी मांडल्या की त्याची लांबी कळते. तो चालू असताना इकडे प्रतापगडची लढाई झाली (१६५९), पुरंदरचा तह झाला (१६६५), शिवाजी महाराज आग्र्याहून सुटून आले (१६६६), तरी तिकडे खंदकाच्या दोन्ही बाजूंना माणसं मरतच होती. शेवटी व्हेनिसच्या सेनापतीने, मोरोसिनीने, शहर तुर्कांच्या हवाली केलं. आज त्या शहराला हेराक्लिऑन म्हणतात. कँडी हे त्याचं जुनं इंग्रजी नाव रोजच्या बोलण्यात उरलं ते एका फुलात.

आता हे आपल्याकडे कसं आलं ते बघू. इंग्रजांना हिंदुस्थानात इंग्लंडची फुलं हवी होती. त्यातलं एक मोठं नाव म्हणजे विल्यम कॅरी. हे तेच कॅरी, ज्यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश श्रीरामपूरला छापला. (बंगालमधलं श्रीरामपूर, आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे.) कॅरींना बागेचं विलक्षण वेड. १८२० साली कलकत्त्याला त्यांनी कृषी आणि उद्यानविद्येची संस्था काढली. इंग्लंडहून आलेली बियांची पिशवी त्यांनी बागेत झटकली आणि तिच्यातल्या मातीतून एक इंग्लिश डेझी उगवली, ही त्यांची गोष्ट प्रसिद्धच आहे. एका चिमुकल्या फुलाचं एवढं कौतुक का, तर बी जिवंत पोचणं हीच मुळात नवलाची गोष्ट होती. आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजात बी कित्येक महिने दमट हवेत पडून राही. १८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला (कँडिया पडल्यावर बरोब्बर दोनशे वर्षांनी!) आणि बियांचा प्रवास काही आठवड्यांवर आला.

मग छावण्यांमधल्या बंगल्यांपुढे हंगामी फुलांचे वाफे दिसू लागले. फर्मिंजर नावाच्या पाद्रीसाहेबाचं बागकामाचं पुस्तक १८६० च्या दशकात आलं आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. पुण्यात गणेशखिंडीच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख वुड्रो यांनीही हिंदुस्थानातल्या बागकामावर पुस्तक लिहिलं. १८८४ मध्ये पुण्यात पेस्तनजी पोचांचं बियाण्यांचं दुकान सुरू झालं. मुख्य प्रश्न होता पंचांगाचा. इंग्लंडात जे वसंतात पेरायचं, ते इथे पाऊस सरल्यावर पेरावं लागतं, कारण त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा. सगळं बागकामाचं वर्षच उलटं करून घ्यायचं होतं.

ही उलटापालट साहेबांनी पुस्तकात लिहिली. वाफ्यात ती केली माळ्यांनी. बी कधी टाकायचं, किती खोल, पाणी किती, दहिवर पडलं तर काय, हे ज्यांच्या हाताला कळत होतं त्यांचं नाव कुठल्याही पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाही. आणि इथे मला घरचं थोडं बोलायला हवं. हे वाचणाऱ्या नातेवाइकांपैकी काहींना आवडणार नाही, पण असो.

आमचे पणजोबा खडकीच्या छावणीत एका बंगल्यावर माळी होते. आमच्याकडे हे असं कधीच सांगितलं जात नाही. "साहेबाकडे नोकरीला होते" एवढंच म्हणतात. एका लग्नात तर ते "बागखात्यात सुपरवायझर" झाल्याचंही मी ऐकलं. १९४७ नंतर साहेब गेले, देशी अधिकारी आले, त्यांच्या बदल्या होत राहिल्या. पणजोबा त्याच वाफ्यांवर राहिले. माझ्या आत्याने त्यांना पाहिलं होतं. ती सांगायची, ते ॲस्टरला अष्टर म्हणायचे आणि कँडीटफ्टला कंडीटोप. टोपासारखा झुबका म्हणून टोप. म्हणजे या फुलाला मराठी नाव नाही असं नाही. ते होतं, पण ते ज्यांनी ठेवलं त्यांना ते कागदावर उतरवता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्यांनी ते विचारलं नाही.

आमचे एक काका कँडीटफ्टला 'साहेबी फूल' म्हणतात. त्यांचा मुद्दा असा, की दीडशे वर्षं होऊन गेली तरी ते आपलं झालं नाही. यात तथ्य आहे. झेंडू मूळचा मेक्सिकोचा, पण आज त्याच्याशिवाय दसरा होत नाही. गुलबक्षी अमेरिका खंडातली, पण ती परसदारी अशी राहते की तिला परकी म्हणायची कुणाची छाती नाही. मग कंडीटोपाचं काय बिनसलं? मला वाटतं, याची कारणं साधी आहेत. त्याचं एकेक फूल इतकं लहान की माळ ओवता येत नाही. गजऱ्यात घालावं असा वास नाही. दसरा-दिवाळीला ते जेमतेम उगवलेलं असतं आणि पाडव्याच्या उन्हात वाळून गेलेलं. म्हणजे देवाला नाही, डोक्यात नाही आणि सणालाही नाही. फक्त बघायचं फूल. ज्यांच्याकडे नुसतं बघण्यासाठी जमीन आणि पाणी होतं, त्यांच्याच दारात ते राहिलं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये प्रत्येक फुलाला एक अर्थ चिकटवायची टूम होती. त्यात कँडीटफ्टचा अर्थ होता 'उदासीनता'. आपण तो तंतोतंत खरा केला म्हणायचं!

पण काकांना माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्या माणसाने आयुष्यभर ते बी आपल्या हाताने टाकलं, त्याचंही ते फूल थोडं होतंच की. वाफ्याचा मालक कोण, एवढ्यावरच फूल कुणाचं ते ठरवायचं, तर आपल्या कित्येक गोष्टी आपल्या उरणार नाहीत.

या सगळ्या शोधात मला नगरचा भुईकोट किल्ला सारखा आठवत होता. त्याचा खंदक नावाजलेला आहे. १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ पर्यंत नेहरू तिथे कैदेत होते आणि 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' त्यांनी तिथेच १९४४ मध्ये लिहिलं. त्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच ते सांगतात की आपण फुलांचे वाफे करण्यासाठी रोज तासन् तास जमीन खणतो आहोत. माती वाईट, दगडगोट्यांची, आणि खणता खणता जुन्या बांधकामांचे अवशेष लागतात. इतिहास लिहिणं आणि वाफा खणणं त्या दिवसांत त्यांच्यासाठी शेजारशेजारची कामं होती. खंदकाच्या आत बसून खणणारा माणूस! शब्दाच्या दृष्टीने बघितलं तर दोन्ही एकच.

आता ज्यांना लावायचं आहे त्यांच्यासाठी, आत्याकडून आलेली पद्धत. घटस्थापना झाली की जमीन वीतभर खणून घ्यायची. काळी चिकट माती असेल तर वाळू आणि जुनं शेणखत मिसळायचं, कारण पाणी साचलेलं याला अजिबात चालत नाही. थोडी चुनखडीची जमीन मात्र आवडते. ऊन भरपूर हवं. बी जिथे झाड हवं तिथेच टाकायचं, रोप उपटून दुसरीकडे लावलं तर सोटमूळ दुखावतं आणि झाड रुसतं. वर मातीचा अगदी पातळ थर. एक-दीड आठवड्यात कोंब दिसतात. मग मन घट्ट करून विरळणी करायची, दोन रोपांत वीतभर अंतर ठेवायचं. दोन-अडीच महिन्यांत फुलं येतात. पंधरा दिवसांनी दुसऱ्या वाफ्यात पेरलं की बहर लांबतो. सुकलेले झुबके काढत राहायचं. मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा. आणि ज्या वाफ्यात आदल्या वर्षी कोबी किंवा मोहरी होती तिथे हे लावायचं नाही. एकाच कुळातले असल्यामुळे रोगही सामाईक असतात.

शेवटचे चार-पाच चांगले झुबके मात्र झाडावरच ठेवायचे. फेब्रुवारी-मार्चच्या उन्हात त्यांच्या चपट्या, टोकाला खाच असलेल्या शेंगा वाळतात. त्या कागदावर चोळून बी काढायचं, पुडी बांधायची, वर्ष लिहायचं. माझ्याकडे यंदाच्या पाच-सहा पुड्या जास्तीच्या आहेत. नातेवाइकांपैकी ज्यांना हव्या असतील त्यांनी घेऊन जाव्यात. काका, एक तुमच्यासाठीही ठेवली आहे. पुडीवर नाव मी 'कंडीटोप' असंच लिहिलंय, आणि खाली कंसात, 'पणजोबा, माळी, खडकी'.