अंगठ्याखालचा कागद

खानदेशातील कोणत्याही तहसील कचेरीसमोर सकाळी थोडा वेळ उभे राहावे. मुद्रांक विकणारे, अर्ज लिहून देणारे आणि सातबाराचा उतारा हाती घेऊन ताटकळणारे शेतकरी तेथे दिसतात. हे दृश्य आपल्या सवयीचे झाले आहे. त्याच्यामागे मात्र मोठा इतिहास उभा आहे, आणि तो एकाच प्रश्नाभोवती फिरतो : ज्याचा अंगठा कागदावर उमटतो, त्याला त्या कागदात काय लिहिले आहे हे कोण सांगणार?

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजी अंमलाखाली आला. पुढे जमिनीची मोजणी सुरू झाली. १८५२ मध्ये आजच्या जळगाव जिल्ह्यातील सावदा, यावल, फैजपूर या भागातील शेतकऱ्यांनी या मोजणीला कडाडून विरोध केला. साखळी शेतात आली की सारा वाढणार, अशी त्यांची धास्ती होती. सरकारने बळ वापरून विरोध मोडला आणि मोजणी पार पडली. त्या शेतकऱ्यांना अडाणी ठरविणे सोपे आहे. आम्हांस ते न्यायाचे वाटत नाही. मोजणीचा हेतू त्यांना पटेल अशा भाषेत सांगितला गेला नव्हता, हेच त्यांच्या भीतीचे मूळ होते.

मोजणीने जमिनीला नंबर मिळाला, हद्द ठरली. पण नंबर मिळालेली जमीन गहाण टाकणे आणि विकणेही सोपे झाले. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. कायद्याचा हेतू चांगला होता. परिणाम उलटा झाला. मुदत संपत आली की सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेई आणि कुळ त्यावर अंगठा उमटवी. कोर्टाचे समन्स आले तरी ते वाचणार कोण? कुळ हजर राहत नसे आणि हुकूमनामा एकतर्फी होई. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतील रोखे काढून जाळले, ते याच संतापातून. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. न्यायाधीशाने केवळ रोख्यावर न जाता मूळ व्यवहार तपासावा, असे त्यात होते. पण तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांपुरताच होता. खानदेश त्यात नव्हता.

१९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. पश्चिमेकडील तापीकाठच्या सुपीक जमिनी भिल्ल कुटुंबांच्या हातून जात राहिल्या. कोठे थोड्या धान्यापोटी, कोठे लग्नासाठी घेतलेल्या उसन्या रकमेपोटी. कालचा मालक आपल्याच शेतात सालदार झाला.

हे चित्र पालटण्याचा मोठा प्रयत्न शहादा तालुक्यात झाला. हा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यात आहे. भिल्ल समाजातील कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांचे सर्वोदयी सहकारी यांनी गावोगावी फिरून लोकांना बोलते केले. १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. बळकावलेल्या जमिनी परत मिळाव्यात, सालदारांना योग्य मजुरी मिळावी, या त्यांच्या मागण्या होत्या. अंबरसिंग १९७४ मध्ये गेले. त्याच वर्षी कायदा बदलला. ६ जुलै १९७४ पासून जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यास बंदी आली. दुसऱ्या कायद्याने १ एप्रिल १९५७ पासून त्या दिवसापर्यंत हस्तांतरित झालेल्या जमिनी परत करण्याची तरतूद केली. जमीन परत घेणाऱ्याला ती स्वतः कसण्याची हमी द्यावी लागे आणि ठरलेली रक्कमही भरावी लागे.

या दुसऱ्या कायद्यात एक वेगळे कलम होते : त्याखालील चौकशीत वकिलांना उभे राहता येणार नाही. पैसेवाल्याने नामांकित वकील आणावा आणि आदिवासीने एकटे उभे राहावे, असे होऊ नये, हा त्यामागील विचार. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा आणि हे कलम वैध ठरविले. पण वकील दूर ठेवला की कागद आपोआप वाचला जातो, असे नाही. अर्ज कोणी लिहायचा, जुना फेरफार कोठून काढायचा, हे सांगणारा माणूस तरीही लागतोच.

१९७६ मध्ये राज्यघटनेत ३९-अ हे कलम आले आणि गरिबीमुळे कोणी न्यायाला मुकू नये ही राज्याची जबाबदारी ठरली. त्यासाठी १९८७ मध्ये झालेला विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ रोजी अंमलात आला. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. जळगाव आणि धुळे येथील जिल्हा न्यायालयांतील विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज पुरतो. लोकअदालतीत तडजोड झाल्यास तिच्यावर अपील नाही आणि भरलेले कोर्ट शुल्क परत मिळते.

ही गोष्ट केवळ शेतकऱ्यांची नाही. दुकानदाराने ध्यानात ठेवावे, की खातेवहीतील नोंद पुरावा असली तरी तेवढ्यावरच कोणावर देणे लादता येत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याचा हा नियम नव्या कायद्यातही कायम आहे. म्हणून पावती आणि सही हवीच. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांनीही मृत्युपत्राबाबत सावध असावे. त्याला दोन साक्षीदार लागतात. ज्याला त्यात काही द्यावयाचे आहे, त्यानेच किंवा त्याच्या पत्नीने साक्षीदार म्हणून सही केली, तर मृत्युपत्र टिकते, पण ती देणगी रद्द होते. प्रेमापोटी थोरल्या मुलाची सही घ्यावी आणि त्याचाच वाटा बुडावा, असा हा प्रकार आहे.

बाप्तिस्मा आणि विवाह यांची नोंद चर्चच्या वहीत नीट झाली की नाही, हे आपण आस्थेने पाहतो. तीच आस्था सातबाराच्या उताऱ्याला, भाडेकराराला आणि जामीनपत्राला दाखवावी. आपल्या घरात वाचता येणारे कोणी ना कोणी असतेच. शेजारच्या वस्तीत ते नसेल, तर त्या शेजाऱ्याचा अंगठा उमटण्याआधी कागद त्याला मोठ्याने वाचून दाखविणे, एवढे तरी आपल्या हातचे आहे. सावद्याच्या शेतकऱ्यांसाठी १८५२ मध्ये ते कोणी केले नाही.