चर्च, दूरचित्रवाणी आणि कृष्णवर्णीय समाजातील एक मौन

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टन येथे निघालेला मोर्चा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणामुळे जगाच्या स्मरणात राहिला. सुमारे अडीच लाख माणसे त्या दिवशी जमली आणि शांततेने परतली. हे ज्यांच्या नियोजनामुळे साध्य झाले, त्या बेयार्ड रस्टिन यांचे नाव मात्र आपल्याकडील सुशिक्षितांनाही फारसे ठाऊक नसते. खुद्द अमेरिकेतही ते दीर्घकाळ मागेच राहिले. रस्टिन समलिंगी होते आणि ते लपवीत नव्हते, हे त्याचे प्रमुख कारण. विरोधकांनी या गोष्टीचा शस्त्रासारखा उपयोग करावा, यात नवल नाही. परंतु स्वकीयांनीही तो केला, हा या इतिहासाचा अधिक बोचरा भाग होय. ज्या समाजाने अपमानाविरुद्ध एवढा दीर्घ लढा दिला, त्यानेच आपल्यातील काहींना अपमानित का ठेवले? त्या समाजातील मौन पुढे फुटले, त्यात दूरचित्रवाणीसारख्या करमणुकीच्या साधनाचा वाटा किती? प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

या समाजात चर्चचे स्थान केवळ उपासनास्थानाचे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फिया येथील एका मेथडिस्ट चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करणाऱ्या कृष्णवर्णीयांना जागेवरून उठविण्यात आले. त्यानंतर रिचर्ड ॲलन आणि त्यांचे सहकारी तेथून बाहेर पडले, आणि १८१६ साली ‘आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च’ हा स्वतंत्र पंथ उभा राहिला. गुलामगिरी संपल्यानंतर शाळा भरल्या त्या चर्चमध्येच. ज्या मोअरहाउस महाविद्यालयात पुढे किंग शिकले, त्याचा आरंभ १८६७ साली जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे एका बाप्टिस्ट चर्चच्या तळघरात झाला. अंत्यविधीची वर्गणी, अडल्यानडल्यास मदत, राजकीय सभा, सारे काही याच छपराखाली चाले. अशा समाजात चर्चने ज्याला दूर केले, त्याला जाण्यासाठी दुसरे अंगणच उरत नसे.

दुसरे कारण प्रतिष्ठेचे. गुलामांच्या विवाहाला कायद्याची मान्यता नव्हती. मालकाच्या मर्जीनुसार नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या राज्यात विकली जाई. शिवाय हा वंशच कामांध आहे, असा अपप्रचार गोऱ्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या केला, आणि त्याच आरोपाच्या आधारे झुंडींनी कित्येक निरपराध पुरुषांना फासावर लटकविले. तेव्हा, ‘आमची कुटुंबे तुमच्याहून कणभरही कमी पवित्र नाहीत’, हे सिद्ध करणे हा या समाजाला जीवनमरणाचा प्रश्न वाटला. एव्हलिन ब्रुक्स हिगिनबॉथम या इतिहासकार विदुषीने १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात बाप्टिस्ट स्त्रियांच्या कार्याचा अभ्यास करताना याला ‘प्रतिष्ठेचे राजकारण’ असे नाव दिले. या राजकारणाने समाजाला ताठ मानेने उभे केले, हे खरेच. पण प्रतिष्ठेची किंमत घरातीलच कोणाला तरी मोजावी लागते, आणि येथे ती समलिंगी मुलामुलींनी मोजली.

तिसरे कारण धर्मग्रंथाचे. समलिंगी संबंधांविरुद्ध जुन्या करारातील लेवीय पुस्तकाचे आणि नव्या करारातील संत पौलाच्या पत्रांचे दाखले दिले जातात. या संदर्भात हॉवर्ड थर्मन यांनी १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सांगितलेली आठवण मननीय आहे. थर्मन हे थोर कृष्णवर्णीय धर्मचिंतक. १९३६ साली बारडोली येथे त्यांनी गांधीजींची भेट घेतली होती. त्यांची आजी गुलामगिरीत जन्मलेली. तिला वाचता येत नसे, म्हणून नातू तिला बायबल वाचून दाखवी. पण पौलाची पत्रे मात्र ती वाचू देत नसे. अपवाद केवळ प्रेमाचे माहात्म्य सांगणाऱ्या एका अध्यायाचा. कारण विचारता तिने सांगितले, की मालकाचा पाद्री गुलामांपुढे नेहमी पौलाचेच वचन घेई : दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा. स्वतंत्र झाल्यास तो भाग पुन्हा ऐकावयाचा नाही, असा तिने तेव्हाच निश्चय केला होता. ही निरक्षर वृद्धा नास्तिक नव्हती. शास्त्रवचन कोणाच्या हातात आहे आणि कोणाच्या पाठीवर उगारले आहे, हे पाहूनच ते स्वीकारावयाचे, एवढे तिला कळले होते. तीच दृष्टी समलिंगी व्यक्तींच्या बाबतीत मात्र चर्चला फार उशिरा सुचली, आणि अनेक ठिकाणी अद्याप सुचलेली नाही.

याचा अर्थ अशा व्यक्ती चर्चमध्ये नव्हत्या असा नव्हे. गायकवृंदात, वाद्यांवर, व्यासपीठावरही त्या होत्या. सर्वांना ठाऊक असे, कोणी बोलत नसे. ज्याच्या सुरांवर मंडळी डोलत, त्याच्यासारख्यांनाच त्याच सकाळी प्रवचनातून नरकाची वाट दाखविली जाई. विख्यात लेखक जेम्स बाल्डविन यांनी किशोरवयात हार्लेममध्ये प्रवचने दिली होती. पुढे त्यांनी चर्च सोडले, आणि १९५६ साली दोन पुरुषांच्या प्रेमावरील ‘जिओव्हानीज रूम’ ही कादंबरी लिहिली. तेव्हा त्यांची आधीची कादंबरी काढणाऱ्या प्रकाशन संस्थेने ती छापण्यास नकार दिला.

रस्टिन यांचे प्रकरण याहून कठोर. १९४८ साली ते भारतात येऊन गेले होते, आणि १९५६ साली माँटगोमेरी येथील बस-बहिष्काराच्या काळात किंग यांना अहिंसेच्या तंत्राविषयी सल्ला देणाऱ्यांत त्यांचे स्थान महत्त्वाचे होते. १९६० साली हार्लेममधील ॲबिसिनियन बाप्टिस्ट चर्चचे धर्मगुरू आणि संसद-सदस्य ॲडम क्लेटन पॉवेल यांनी, किंग आणि रस्टिन यांच्या संबंधांविषयी धादांत खोटी कंडी पिकविण्याची धमकी दिली. किंग यांनी रस्टिन यांना दूर होऊ दिले. तीन वर्षांनी सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांनी रस्टिन यांची १९५३ ची अटक सिनेटमध्ये जाहीरपणे उगाळली. त्या वेळी मात्र ज्येष्ठ नेते फिलिप रँडॉल्फ त्यांच्या पाठीशी ठाम उभे राहिले आणि मोर्चा यशस्वी झाला.

महात्मा फुले यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील दास्यविमोचनासाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केली, तेव्हापासून मराठी मन या लढ्याशी जोडले गेले आहे. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘दलित पँथर’ने तर नावच तेथील ‘ब्लॅक पँथर’वरून घेतले. त्या ब्लॅक पँथरचे नेते ह्युई न्यूटन यांनी ऑगस्ट १९७० मध्ये आपल्या अनुयायांना स्पष्ट सांगितले होते, की स्त्रिया आणि समलिंगी यांच्या चळवळींना मित्र माना आणि त्यांच्याविषयीची आपली भीती तपासून पाहा. चर्चच्या चौकटीतूनही एक आवाज उठला. गायक कार्ल बीन यांनी १९८२ साली लॉस एंजेलिस येथे कृष्णवर्णीय समलिंगींसाठी ‘युनिटी फेलोशिप चर्च’ स्थापन केले, आणि एड्सच्या साथीत इतरांनी पाठ फिरविली असता रुग्णसेवेचे काम उभारले. परंतु असे आवाज मोजकेच होते.

घराघरांत हा विषय पोचला तो दूरचित्रवाणीमुळे, आणि प्रारंभी तो विनोदाचे रूप घेऊनच. १९९० साली सुरू झालेल्या ‘इन लिव्हिंग कलर’ या कार्यक्रमात दोन बायकी हावभावांचे कलासमीक्षक प्रेक्षकांना पोट धरून हसवीत. पाहणाऱ्यांत मतभेद होते : निदान दिसलो तरी, असे काहींना वाटे, दिसलो ते विदूषक म्हणूनच, असे इतरांना. त्यानंतर जुलै १९९१ मध्ये सार्वजनिक वाहिनीवर मार्लन रिग्ज यांचा ‘टंग्ज अनटाइड’ हा माहितीपट दाखविला गेला. कृष्णवर्णीय समलिंगी पुरुषांनी स्वतःच्या तोंडाने स्वतःची कथा सांगितलेला हा चित्रपट दाखविण्यास अनेक स्थानिक केंद्रांनी नकार दिला. पुढच्याच वर्षी पॅट ब्यूकॅनन यांनी अध्यक्ष बुश यांच्याविरुद्धच्या प्रचार-जाहिरातीत त्यातील दृश्ये वापरली. रिग्ज १९९४ साली एड्सने निवर्तले.

त्याच १९९१ च्या ऑक्टोबरात ‘रॉक’ या मालिकेने एक वेगळेच दृश्य दाखविले. बाल्टिमोर शहरातील सफाई कामगाराचे हे कष्टकरी कुटुंब. नायकाचा काका एके दिवशी येऊन सांगतो, की आपण एका पुरुषाशी लग्न करीत आहोत, आणि तो पुरुष गोरा आहे. घरात वादळ उठते, आणि तरीही सोहळा त्याच घरात होतो. काकाची भूमिका रिचर्ड राउंडट्री यांनी केली. १९७१ च्या ‘शाफ्ट’ चित्रपटातील धाडसी गुप्तहेर म्हणून कृष्णवर्णीय तरुणांनी ज्यांना मर्दानगीचा आदर्श मानले, तेच हे नट. या निवडीनेच अर्धे काम केले.

पुढे २००२ ते २००८ या काळात, बाल्टिमोरच्याच पार्श्वभूमीवरील ‘द वायर’ मालिकेत ओमर लिटल हे पात्र आले. मादक पदार्थांच्या व्यापाऱ्यांना लुटणारा हा समलिंगी दरोडेखोर रविवारी मात्र आजीला चर्चमध्ये घेऊन जातो. एका प्रसंगी रविवारचा अलिखित तह मोडून शत्रू गोळ्या झाडतात, आणि आजीच्या चर्चला जाण्याच्या टोपीची नासधूस होते. त्या पातकाने गुन्हेगारही शरमतात. चर्च, आजी आणि समलिंगी नातू एकाच चौकटीत, आणि त्यांत विसंगती काहीच नाही, असे हे चित्र कोणत्याही प्रवचनापेक्षा प्रभावी म्हणावे लागेल. २०१६ ते २०२० मधील ‘ग्रीनलीफ’ ही मालिका तर एका मोठ्या कृष्णवर्णीय चर्चच्या अंतरंगावरच होती, आणि धर्मगुरूच्या जावयाची घुसमट तिने झाकून ठेवली नाही.

पडद्याबाहेर मात्र वाट सरळ नव्हती. २००४ साली रिचर्ड ॲलन यांच्याच पंथाने आपल्या धर्मगुरूंना समलिंगी विवाह लावण्यास मनाई केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अटलांटा येथे किंग यांच्या समाधीपासून अशा विवाहांविरुद्ध मोर्चा निघाला; त्यात किंग यांची कन्या सामील होती, तर पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांनी समलिंगींच्या हक्कांचा वर्षानुवर्षे जाहीर पुरस्कार केला होता. एका घरात दोन मते, असा हा प्रसंग. २००६ साली कोरेटा यांचा अंत्यविधी तो मोर्चा काढणाऱ्या चर्चमध्येच झाला, तेव्हा जुने नेते ज्युलियन बॉण्ड त्याच कारणास्तव तेथे गेले नाहीत.

२००८ साली कॅलिफोर्नियात समलिंगी विवाहावर बंदी घालणारा प्रस्ताव मतदारांनी संमत केला. मतदानोत्तर चाचणीवरून सत्तर टक्के कृष्णवर्णीयांनी बंदीच्या बाजूने मत दिल्याचा गवगवा झाला. आकडेवारी हाताळण्यात ज्यांची उमर गेली, त्यांना पहिल्या आकड्यावर विसंबू नये हे ठाऊक असते. नंतरच्या अभ्यासात हे प्रमाण सुमारे अठ्ठावन्न टक्के आढळले, आणि इतरांपेक्षा असलेली तफावत वर्णामुळे नसून प्रामुख्याने चर्चला नियमित जाण्यामुळे असल्याचे दिसून आले. म्हणजे द्वेष रक्तात नव्हता, शिकवणुकीत होता. आणि शिकवण बदलता येते. मे २०१२ मध्ये अध्यक्ष ओबामा यांनी समलिंगी विवाहाला पाठिंबा दिला आणि दहाच दिवसांनी कृष्णवर्णीयांच्या सर्वांत जुन्या हक्कसंघटनेने, ‘एनएएसीपी’ने, तसाच ठराव केला. १९८७ साली दिवंगत झालेल्या रस्टिन यांना २०१३ साली राष्ट्राध्यक्षांचे स्वातंत्र्यपदक मरणोत्तर मिळाले, आणि २०२३ साली त्यांच्या जीवनावरील ‘रस्टिन’ हा चित्रपट घरोघरच्या पडद्यावर पोचला.

हे सारे दूरचित्रवाणीने घडविले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. तिने हसविले, दुखावले, बाजारही मांडला. पण व्यासपीठावरून ज्याचा केवळ पाप म्हणून उल्लेख होई, त्याला तिने जेवणाच्या टेबलाशी काका, नातू, जावई म्हणून बसविले. आणि नाते जोडलेल्या माणसाचा धिक्कार करणे तितके सोपे राहत नाही. उरलेले काम चर्चचेच आहे. त्यासाठी त्याला धर्म सोडावा लागणार नाही की परक्यांचा उपदेशही ऐकावा लागणार नाही. थर्मन यांच्या आजीने चाबकाला बांधलेली पाने तेवढी बाजूला ठेवली होती, आणि प्रेमाचा अध्याय मात्र आवर्जून वाचून घेतला होता. तो वारसा त्या समाजाच्या घरातलाच आहे.