नदी शांत होती की प्रोग्राम बंद? घटनाधारित कन्सोल प्रोग्रामच्या सुरुवात-शेवटाचा इतिहास

संशोधनात आपण लिहितो ते बरेचसे प्रोग्राम सरळ चालतात. फाइल वाचली, गणित केलं, उत्तर छापलं, संपलं. घटनाधारित प्रोग्राम तसा नसतो. तो वाट बघत बसतो, काही घडलं की नोंद करतो आणि पुन्हा वाट बघतो. मग त्याची सुरुवात नेमकी कधी झाली म्हणायची? आणि शेवट कोणी ठरवायचा?

कोलाडचंच उदाहरण घेऊ. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येतं. १९२७ पासून तिथे वीज तयार होते आणि ते पाणी पुढे कुंडलिकेत जातं. वीजनिर्मिती सुरू झाली की कोलाडला नदी चढते. राफ्टिंगवाले तीच वेळ धरून बोटी सोडतात. समजा, तुम्ही पुलाजवळ पातळी मोजणारा सेन्सर लावला आणि पातळी बदलली तरच नोंद करायची असं ठरवलं. सहा तास एकही नोंद नाही. नदी शांत होती, की प्रोग्राम बंद पडला होता? फाइलमध्ये दोन्ही अगदी सारखंच दिसतं. प्रबंधाचं एखादं अख्खं प्रकरण या फरकावर उभं असू शकतं.

सुरुवातीच्या संगणकांवर हा प्रश्न फारसा यायचा नाही. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये १९६० साली टिफ्रॅक कार्यान्वित झाला. कागदी पट्टीवरून प्रोग्राम आत जायचा आणि गणित संपलं की थांबायचा. शेवट प्रोग्राममध्येच लिहिलेला असायचा.

१९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये युनिक्सचं काम सुरू झालं. माणूस टर्मिनलसमोर बसून काम करू लागला, तशी चालू प्रोग्रामला बाहेरून 'थांब' म्हणण्याची सोय लागली. त्यासाठी सिग्नल आले. सिगहप हे नाव तर सरळ टेलिफोनवरून आलंय: दूरच्या टर्मिनलची लाइन तुटली, की प्रोग्रामला हा निरोप जायचा. आज कंट्रोल-सी दाबलं की सिगिंट जातो, नुसती किल आज्ञा दिली की सिगटर्म. हे दोन्ही प्रोग्रामला ऐकता येतात आणि आवराआवर करता येते. सिगकिल मात्र ऐकताच येत नाही. बफरमध्ये राहिलेल्या, फाइलपर्यंत न पोचलेल्या नोंदी त्यात जातात.

या व्यवस्थेत एक खोट होती. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये सिग्नल एकदा ऐकला की आपण लावलेली व्यवस्था आपोआप निघून जायची. ती पुन्हा लावण्याआधी दुसरा सिग्नल आला तर प्रोग्राम जागीच संपायचा. १९८३ च्या ४.२ बीएसडीने हे दुरुस्त केलं आणि १९८८ च्या पॉझिक्स मानकाने त्याला सर्वमान्य रूप दिलं. अनेक घटनांची एकदम वाट बघणारं सिलेक्ट हे फंक्शनही ४.२ बीएसडीतच आलं.

पण मग नवाच पेच. प्रोग्रामने 'थांबायचंय का?' हे तपासलं, उत्तर नाही आलं, आणि तो झोपायला निघाला. नेमक्या त्याच फटीत सिग्नल आला तर? प्रोग्राम झोपतो तो थेट नदीचं पाणी पुन्हा हलेपर्यंत. डॅनियल बर्नस्टाइन यांनी साधी युक्ती सुचवली: सिग्नल आला की स्वतःच्याच पाइपमध्ये एक बाइट टाकायचा. म्हणजे 'थांब' हीसुद्धा इतरांसारखीच एक घटना होते आणि रांगेत येते.

हाच पेच सुरुवातीलाही असतो. क्यूटी ही प्रणाली १९९५ मध्ये आली ती खिडक्यांच्या प्रोग्रामसाठी. २००५ च्या क्यूटी ४ मध्ये गाभा वेगळा केला गेला आणि नुसत्या कन्सोल प्रोग्रामलाही घटनाचक्र मिळालं. तिथे नवशिका हमखास अडकतो. मेनमध्येच काम उरकून तो क्विट म्हणतो आणि त्यानंतर एक्झेक चालवतो. चक्र सुरूच झालेलं नसल्याने क्विटचा काही परिणाम होत नाही. एक्झेक सुरू होतं आणि प्रोग्राम कायमचा बसून राहतो. उपाय असा की शून्य मिलिसेकंदांचा टायमर लावून कामच रांगेत टाकायचं. मग चक्र आधी सुरू होतं, काम त्याच्या आत होतं आणि क्विट ऐकायला कोणीतरी असतं.

दोन्हीकडे चूक एकच आहे: ऐकणारा जागेवर नसताना निरोप दिला गेला.

तेव्हा तुमचा नोंद-प्रोग्राम लिहिताना इतकं कराच. चक्र फिरायला लागल्यावर, त्याच्या आतून, 'सुरू' अशी वेळेसह ओळ लिहा. सिग्नल-हँडलरमध्ये फाइल लिहीत बसू नका. तिथून फक्त निरोप द्या, आवराआवर चक्रात करा. थांबताना बफर रिकामा करा, कारणासह 'बंद' लिहा. सगळं ठीक असेल तर शून्य, नाहीतर दुसरा कोड परत द्या. शिवाय दर दहा मिनिटांनी, काहीच घडलं नाही तरी, 'चालू आहे' अशी एक ओळ टाका, कारण वीज गेली तर 'बंद' लिहायलाही वेळ मिळत नाही. मग त्या सहा तासांत छत्तीस ओळी असतील, आणि नदी खरंच शांत होती हे परीक्षकांना दाखवता येईल.