हाताहातांतून आलेली वेल

आपल्याकडे घरातल्या झाडांनाही आपापली पायरी असते. तुळस वृंदावनात मानाने उभी राहते, प्राजक्त परसात सडा घालतो, मोगरा आणि अबोली गजऱ्यापुरती जागा मागून घेतात. पण ज्या घराला अंगण नाही आणि परसही नाही, अशा चाळीतल्या दोन खोल्यांत किंवा तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत हमखास आढळते ती मनीप्लांटची वेल. पूजेत तिला स्थान नाही, औषधात उपयोग नाही, स्वयंपाकघरात तर तिला मज्जावच. कारण अळू आणि सुरण यांच्याच कुळातली ही वेल घशाला खाज आणणारी आहे. तरीही रिकाम्या बाटलीत, मूठभर पाण्यावर ती वर्षानुवर्षे नांदते. तिच्याबद्दलची समजूत सर्वांना ठाऊक आहे. ही वेल विकत आणायची नाही; कुणाच्या तरी घरून, त्याच्या नकळत, तिचा तुकडा खुडून आणायचा, म्हणजे लक्ष्मी घरात टिकते!

या समजुतीतला अर्थशास्त्राचा भाग सोडून देऊ. परंतु तिच्यात वनस्पतिशास्त्राचा एक पक्का धागा आहे. मनीप्लांटचे बी कुणी पाहिले आहे काय? त्याचे फूल? वाचकांपैकी शंभरातल्या शंभरांनी नाही असेच उत्तर दिले, तर त्यात नवल नाही. बी नाही, म्हणून पेरणी नाही. जगातल्या घराघरांत दिसणारी प्रत्येक वेल ही आधीच्या कुठल्या तरी वेलीचा तोडलेला तुकडा आहे, आणि ती वेल तिच्या आधीच्या वेलीचा. मागून घेतलेली असो वा लांबवलेली, ती माणसाच्या हातातूनच आली आहे. ही परंपरा कुठून सुरू झाली, हे पाहू लागलो की एका फांदीच्या तुकड्यामागे केवढा इतिहास उभा आहे ते ध्यानात येते.

फांदी तोडून नवे झाड करण्याची विद्या आपल्याला नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेतीच्या प्रकरणात कांड्यांपासून लावायच्या पिकांचा विचार आहे; कापलेल्या तोंडाला मध, तूप, डुकराची चरबी आणि शेण यांचा लेप द्यावा, असे तिथे सांगितले आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदावर एक स्वतंत्र अध्यायच लिहिला. फणस, अशोक, केळ, जांभूळ, डाळिंब, द्राक्ष, महाळुंग इत्यादी झाडांची खोडे शेणाने माखून लावावीत, असे तो सांगतो. लेप कशासाठी, याचे कारण आज सांगता येते. ताज्या कापावाटे ओल निघून जाते आणि कूज आत शिरते. तो दरवाजा बंद करायचा. आपला शेतकरी उसाचे बेणे लावतो तेव्हा टिपरीवर डोळे आहेत ना हे आधी पाहतो, तेही याच विद्येतले एक सूत्र.

आपण या कामाला जो शब्द वापरतो, तोही मोठा बोलका आहे. कलम म्हणजे लेखणी आणि कलम म्हणजे झाडाचे कलम. अरबी-फारसीतून आलेला हा शब्द मुळात बोरूचा. तिरका छाटलेला बोरू कागदावर टेकला की अक्षर उमटते, आणि तिरकी छाटलेली फांदी मातीत टेकली की झाड उमटते. कोकणात आणि गोव्यात हापूसची कलमे बांधणाऱ्यांनी या शब्दाला जी प्रतिष्ठा दिली, ती आजही कायम आहे.

मग तुटलेल्या फांदीला मूळ फुटते तरी कसे? प्राण्याचा तुटलेला हात नवा प्राणी निर्माण करीत नाही. वनस्पतीची फांदी मात्र संपूर्ण वनस्पती होते. हे कोडे उलगडण्याच्या वाटेवर पहिला दिवा चार्ल्स डार्विनने लावला. १८८० साली त्याने आपला मुलगा फ्रान्सिस याच्या साहाय्याने वनस्पतींच्या हालचालींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. गवताचा कोवळा कोंब उजेडाकडे वाकतो. पण त्याच्या टोकावर टोपी चढवली तर वाकत नाही. याचा अर्थ, टोकाकडून खाली काही तरी निरोप जातो. तो निरोप पोचवणारे द्रव्य हॉलंडमधील फ्रिट्स वेन्ट याने १९२८ च्या सुमारास ओटच्या कोंबांवर प्रयोग करून वेगळे दाखवले. त्याला ऑक्सिन हे नाव मिळाले. पुढे १९३५ च्या आसपास हेच द्रव्य कलमांना मुळे फोडते हेही सिद्ध झाले. हे ऑक्सिन शेंड्याकडे तयार होते आणि देठातून खाली उतरते. फांदी कापली की त्याची वाट कापाशी अडते, ते तिथे साचते, आणि जवळच्या पेशी आपला जुना धंदा सोडून मुळे घडवू लागतात. बागवानांच्या दुकानात मिळणारी मुळे फुटण्याची पूड म्हणजे बहुधा याच जातीचे कृत्रिम द्रव्य होय.

विद्या जुनी असली, तरी उष्ण कटिबंधातली झाडे समुद्रापार नेणे हे मात्र फार दुर्घट होते. ताहितीहून नीरफणसाची रोपे वेस्ट इंडीजमध्ये नेण्यासाठी ब्रिटिश आरमाराने ‘बाउंटी’ हे जहाज पाठवले, ती कथा प्रसिद्ध आहे. ताहितीतल्या नीरफणसालाही बी नसे. मुळांपासून फुटलेले कोंब काढून कुंड्यांत रुजवावे लागत. ते रुजेपर्यंत जहाज सुमारे पाच महिने बेटापाशी थांबले. कप्तानाची मोठी खोली कुंड्यांनी भरून गेली होती. एप्रिल १७८९ मध्ये खलाशांनी बंड केले, कप्तान ब्लाय याला अठरा साथीदारांसह एका होडीत सोडून दिले आणि हजारावर रोपे समुद्रात फेकली. ब्लाय जिवंत परतला, दुसऱ्यांदा गेला आणि १७९३ मध्ये त्याने रोपे पोचवून दाखवली. एका बिनबियांच्या झाडासाठी केवढा हा खटाटोप!

खारा वारा, गोड्या पाण्याची टंचाई आणि थंडी यांच्यापुढे बहुतेक रोपे वाटेतच मरत. यावर उपाय सापडला तो अगदी अनपेक्षितपणे. लंडनमधील नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टराला वनस्पतींचा आणि कीटकांचा नाद होता. १८२९ साली त्याने एका पतंगाचा कोश ओल्या मातीत ठेवून बाटली बंद केली. पतंगाऐवजी मातीतून एक नेचा आणि एक गवताची काडी वर आली. शहराच्या धुरकट हवेत जो नेचा जगत नव्हता, तो बंद बाटलीत सुखाने वाढू लागला. दिवसा उडालेली वाफ काचेवर जमायची आणि पुन्हा मातीत उतरायची. त्यावरून वॉर्डने काचेच्या पेट्या केल्या. १८३३ मध्ये अशा दोन पेट्या जहाजाच्या उघड्या डेकवर ठेवून ऑस्ट्रेलियास पाठवल्या, आणि तिथली झाडे भरून त्या सुखरूप परत आल्या. पूर्वी वीसांतली एकोणीस रोपे मरत, आता वीसांतली एकोणीस जगतात, असा अनुभव लंडनच्या एका नामांकित रोपवाटिकेने नोंदवला.

या पेट्यांनी जगाचा नकाशाच बदलला. १८४८ ते १८५१ या काळात रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधून चहाची हजारो रोपे हिमालयाच्या पायथ्याशी आणली. १८७६ मध्ये ब्राझीलच्या बियांपासून लंडनजवळच्या क्यू उद्यानात वाढवलेली रबराची रोपे श्रीलंकेत पोचली. ज्यांच्या देशातून ही संपत्ती निघाली त्यांना कुणी विचारले नाही, आणि ज्यांनी मळ्यांत घाम गाळला त्यांची नावे कुणी लिहिली नाहीत. काचपेटीच्या कौतुकात ही गोष्ट विसरता कामा नये. चोरून आणलेल्या झाडाने लक्ष्मी येते, ही समजूत साम्राज्यांनी आपल्याआधीच अमलात आणली होती!

युरोपच्या काचघरांत अशा रीतीने आलेल्या असंख्य झाडांत आपली मनीप्लांटही होती. १८८० साली, म्हणजे डार्विनचा तो ग्रंथ निघाला त्याच वर्षी, जाँ लिंडेन आणि एदुआर आंद्रे यांनी तिला ‘पोथॉस ऑरियस’, म्हणजे सोनेरी पोथॉस, असे नाव दिले. ती सॉलोमन बेटांतून आली असे त्यांनी मानले. फुलावाचून झाडाचे गोत्र नीट ठरत नाही, आणि ही तर फुलायलाच तयार नाही! म्हणून नावे बदलत राहिली. अखेर १९६२ साली लागवडीतल्या एका वेलीला फूल आले. अभ्यासक सरसावले, १९६३ मध्ये एक नाव पडले, १९६४ मध्ये दुसरे, आणि ‘एपिप्रेम्नम ऑरियम’ हे नाव आज रूढ आहे. तिचे माहेर सॉलोमन बेटे नसून ताहितीशेजारचे मोओरेआ हे छोटे बेट असावे, असे पुढील संशोधनाने ठरवले. म्हणजे नीरफणस आणि मनीप्लांट शेजारणी निघाल्या.

१९६४ नंतर लागवडीतली वेल आपसूक फुलल्याची नोंद अभ्यासकांना मिळालेली नाही. याचे कारण २०१६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी शोधून काढले. फूल येण्यासाठी लागणारे जिबरेलिन नावाचे द्रव्य तिच्या अंगी पुरेसे तयार होत नाही. ते घडवणाऱ्या एका जनुकाचे काम बंद पडले आहे. बाहेरून ते द्रव्य फवारल्यावर वेल फुलली! म्हणजे जी उणीव रानात एखाद्या झाडाचा वंश खुंटवू शकली असती, ती माणसाच्या हातांनी भरून काढली. या हातांपैकी बहुतेक बायकांचे असावेत, असे मला वाटते. लिंडेनचे नाव ग्रंथांत आहे. पण शेजारणीला खिडकीतून फांदी देणारीचे नाव कुठे नाही. तिने कुठलेच नाव बदलले नाही, वेल मात्र जगवली.

या जगवण्याला एक काळी बाजूही आहे. कलम म्हणजे तेच शरीर पुन्हा. त्यात नवे रक्त येत नाही, म्हणून एकाला जो रोग मारील तो सर्वांना मारील. आयर्लंडमध्ये बटाट्याच्या फोडी लावून एकाच जातीवर लोक विसंबले, आणि १८४५ पासून आलेल्या करप्याने उडवलेल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली. ‘ग्रो मिशेल’ नावाची केळी जगभर विकली जात. मुळांच्या एका बुरशीने ती १९६० च्या सुमारास बाजारातून उठवली आणि कॅव्हेंडिश गटाची केळी आली. आपली बसराई याच गटातली. तिचेही कोंबच लावतात, आणि त्याच बुरशीचा नवा प्रकार तिच्याही मागे लागला आहे.

अलीकडे दुर्मिळ घरझाडांचे वेड वाढले, तेव्हा आणखी एक संकट आले. जून २०२१ मध्ये न्यूझीलंडमध्ये मनीप्लांटच्याच कुळातली, पांढरे पट्टे असलेली नऊ पानांची एक वेल २७,१०० न्यूझीलंड डॉलरना विकली गेली. २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत फिलिपीन्सच्या रानांतून झाडे उपटून विकण्याचे प्रकार वाढले, आणि तिथल्या सरकारला ताकीद द्यावी लागली. यावर उतारा एकच आणि तो स्वस्त आहे: घरच्या घरी कलम करणे. जे एका खिडकीतून दहा खिडक्यांत जाते, त्यासाठी रान ओरबाडण्याचे कारण उरत नाही.

कृती अवघड नाही. वेलीच्या देठावर पान फुटते तिथे गाठीसारखे पेर असते आणि बहुधा तपकिरी मुळाचा बारीक उंचवटा दिसतो. नवे मूळ आणि नवा कोंब इथूनच निघतो. नुसते पान पाण्यात ठेवले तर त्याला मुळे फुटतील, पण वेल होणार नाही; पेर हवेच. स्वच्छ धारदार सुरीने पेराच्या थोडे खाली कापावे, पेर पाण्यात बुडवावे, खालचे पान काढून टाकावे. भर उन्हात न ठेवता उजेडात ठेवावे आणि पाणी दर दोन-चार दिवसांनी बदलावे. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत मुळे दिसू लागतात. पट्टेदार जातीचे कलम करताना ज्या पेराजवळच्या देठावरही पांढरी रेघ आहे, तेच निवडावे. नाही तर नवी फूट हिरवीच निघते. एवढी काळजी मात्र घ्यावी, की छाटलेले तुकडे रानात किंवा ओढ्याकाठी टाकू नयेत. श्रीलंका, हवाई यांसारख्या ठिकाणी हीच वेल मोकाट सुटून मोठमोठ्या झाडांवर चढली आहे. कुंडीत तळहाताएवढे असणारे पान तिथे हातभर लांब होते!

यंदाच्या दिवाळीत फराळाचे ताट शेजारी जाईल तेव्हा सोबत एक मुळे फुटलेली फांदीही जावी. चोरीला वाव ठेवण्यापेक्षा आपण होऊन दिलेली बरी. आणि देताना ती आपल्याकडे कुणाकडून आली, तेही सांगावे. आईकडून, मावशीकडून, जुन्या चाळीतल्या शेजारणीकडून, जे खरे असेल ते. बी असलेल्या झाडाची वंशावळ त्याच्या बीत असते. या वेलीची वंशावळ मात्र आपण सांगू तेवढीच.